धुक्यात उजेड किती, यापेक्षा कुठून

सातारा जिल्ह्यातले खंडाळा खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या पायथ्याशी वसले आहे. लोणावळ्याजवळचा खंडाळा वेगळा. या भागात धुके दोन तऱ्हांनी येते. पावसाळ्यात पश्चिमेकडून आलेली ओली हवा डोंगर चढते, थंड होते आणि ढगच रस्त्यावर उतरतो. खंबाटकीत ते दिसते, वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात जास्त दिसते, आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर तर पावसाळाभर दिसते. थंडीतले धुके निराळे असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन आपली उष्णता सोडत राहते, तिच्यालगतची हवा गार होते आणि नीरेच्या खोऱ्यात शिरवळ-खंडाळ्याच्या सखल भागात पहाटे धुके साचते. जुन्या मोटारींच्या दृष्टीने हे दुसरे धुके महत्त्वाचे, कारण रॅली आणि मेळावे भरतात ते याच कोरड्या, थंड महिन्यांत, आणि गाड्या निघतात पहाटे.

अशा गाडीला फॉग लाइट लावायचा विषय निघाला की दोन मते ऐकू येतात. एक मत असे की जुन्या गाडीची वीज तोकडी, तिच्यावर जादा दिव्यांचा भार टाकूच नये. दुसरे असे की लावायचेच तर चांगले मोठे, शंभर वॅटचे लावावेत, म्हणजे धुके फाडून उजेड पुढे जाईल. दोन्ही मते उजेड किती, याच प्रश्नाभोवती फिरतात. माझे म्हणणे असे आहे की धुक्यात उजेड किती यापेक्षा तो कुठून येतो आणि कुठे थांबतो हे निर्णायक असते. एकदा हे मान्य केले की जुन्या गाडीची तोकडी वीज अडचण उरत नाही, कारण धुक्याला लागणारा उजेड त्या विजेत बसतो.

धुक्याचा थेंब बहुधा १० ते २० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. हेडलाइटचा झोत अशा कोट्यवधी थेंबांवर आदळतो. बराचसा प्रकाश पुढे विखुरतो, पण त्यातला थोडा भाग मागे, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे परततो. चालकाला दिसणारी पांढरी भिंत ती हीच, आणि ती उभी असते गाडीपुढच्या पहिल्या काही मीटरांत. दूरच्या दगडावरून किंवा कठड्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाला मात्र धुक्यातून दोनदा प्रवास करावा लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा, आणि दोन्ही वेळा तो क्षीण होतो. आता दिव्याची ताकद दुप्पट केली तर काय होईल? दगडावरून येणारा प्रकाश दुप्पट होईल हे खरे, पण भिंतीचा पांढरेपणाही दुप्पट होईल. दोघांमधला फरक, ज्याच्या आधारे डोळा दगड ओळखतो, तो प्रमाणात जिथल्या तिथे राहील. उलट डोळे दिपल्याने दिसणे कमीच होईल. अप्पर लावल्यावर धुक्यात कमी दिसते हा प्रत्येक चालकाचा अनुभव आहे; त्यामागचे कारण हे. शंभर वॅटचा हट्ट इथेच संपायला हवा.

फरक पडतो तो दिव्याच्या जागेने. फियाट किंवा अँबॅसिडरसारख्या गाडीत चालकाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. दिवा बंपरखाली ४०-४५ सेंटिमीटरवर असला आणि त्याच्या झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असली, तर उजळलेला थर जमिनीलगत राहतो. चालकाची नजर बऱ्याच अंतरापर्यंत त्या थराच्या वरून, न उजळलेल्या धुक्यातून जाते आणि शेवटी रस्त्यावर उतरते. पांढरी भिंत नजरेच्या वाटेत उभीच राहत नाही. झोत आडवा, रुंद पसरलेला असला की रस्त्याची डावी कड, पांढरा पट्टा, पुलाचा कठडा, मैलाचा दगड हे सगळे जवळून दिसते, आणि घाटातल्या वळणावर खरी गरज त्याचीच असते. म्हणूनच चांगल्या फॉग लाइटची काच उभ्या रेघांची असते. त्या रेघा प्रकाश दोन्ही बाजूंना पसरतात. गोल, साध्या काचेचा लांब फेकणारा दिवा बंपरवर चढवून त्याला फॉग लाइट म्हटल्याने काम होत नाही.

पिवळ्या रंगाबद्दलही एक पक्का समज आहे, की पिवळा प्रकाश धुके भेदून जातो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, धुक्याचा थेंब तिच्या कितीतरी पट मोठा. कण इतका मोठा असला की तो निळा, पिवळा, तांबडा सगळे प्रकाश जवळपास सारखेच विखुरतो. धुके पांढरे दिसते ते त्यामुळेच. रंगांत तो भेदभाव करत असता तर धुके आभाळासारखे निळसर दिसले असते. धुराची गोष्ट वेगळी. ऊसतोडीनंतर सातारा-सांगलीकडे शेतात पाचट पेटवतात, त्या धुराचे कण मायक्रोमीटरहूनही बारीक असतात आणि तिथे पिवळ्याला थोडा लाभ मिळतो. मग धुक्यात पिवळा निरुपयोगी का? तसे नाही. निळा भाग गाळलेला प्रकाश डोळ्याला कमी दिपवतो आणि परतणारी चमक सुसह्य वाटते. फ्रान्सने १९३६ साली मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि ती सक्ती १९९३ पर्यंत टिकली. त्यामागे चमक कमी करण्याचा विचार होता. तेव्हा पिवळी काच जरूर घ्यावी, विशेषतः जुन्या गाडीला ती शोभतेही. फक्त तिच्या भरवशावर वेग वाढवू नये.

वेगाचा हिशेब स्पष्टच मांडायला हवा. दिवा ४५ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि त्याच्या झोताची वरची कड दर मीटरला २ सेंटिमीटर खाली उतरते असे धरू. ही कड रस्त्याला साडेबावीस मीटरवर टेकेल. आता थांबायला लागणारे अंतर पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, आणि जुन्या ड्रम ब्रेकची ओल्या रस्त्यावरची ताकद बेताचीच, म्हणजे दर सेकंदाला वेग ४ मीटर प्रति सेकंदाने कमी करणारी मानली, तर ताशी ३० किलोमीटरला गाडी सुमारे २१ मीटरांत थांबते. ताशी ४० ला ३२ मीटर लागतात, ताशी ६० ला ६०. दिवा दाखवतो साडेबावीस मीटर, म्हणजे तो ज्या वेगाला पुरतो तो ताशी ३०. काही जण म्हणतील, मग कड जरा वर उचला, लांबचे दिसेल. दर मीटरला दीड सेंटिमीटर उतार ठेवला तर उजेड ३० मीटरपर्यंत पोचतो, आणि तेवढे करायला हरकत नाही. त्याहून वर नेला की उजळलेला थर पुन्हा नजरेच्या वाटेत येतो, शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दाट धुक्यात, ज्यात ५० मीटरपलीकडचे दिसतच नाही, ताशी ३० हाच प्रामाणिक वेग आहे.

आता विजेकडे येऊ. उदाहरण म्हणून लुकासचा सी-४० जातीचा डायनामो घेऊ, जो ब्रिटिश घराण्याच्या कितीतरी गाड्यांत असे. तो इंजिन चांगले फिरत असताना जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. रात्री डिपरवरचे दोन हेडलाइट प्रत्येकी ४० वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टला पावणेसात अँपिअरच्या आसपास. पार्किंगचे दिवे, टेल लाइट, नंबर प्लेटचा आणि डॅशबोर्डचा दिवा मिळून अडीच. इग्निशन कॉइलचे साडेतीन, वायपरचे अडीच. बेरीज सव्वापंधरा. आता ५५ वॅटचे दोन फॉग लाइट जोडले तर आणखी ९.२ अँपिअर लागतात आणि एकूण साडेचोवीस होतात. डायनामो ते देऊ शकत नाही. उरलेले बॅटरीतून जातात. त्याऐवजी ३५ वॅटचे बल्ब घातले तर फॉग लाइटना ५.८ अँपिअर पुरतात आणि एकूण भार २१ वर राहतो. थंडीतल्या धुक्यात वायपर चालत नसेल तर आणखी अडीच अँपिअर वाचतात. आणि उजेड किती, हा प्रश्न धुक्यात दुय्यम असल्याचे वर पाहिलेच. जवळच्या २०-३० मीटरांसाठी ३५ वॅट भरपूर झाले.

या बेरजेतला कच्चा दुवाही सांगायला हवा. डायनामो २२ अँपिअर देतो ते इंजिन वेगात असताना. घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन चांगले फिरते, तेव्हा अडचण नसते. पण खंबाटकीत ट्रकांच्या रांगेमागे गाडी उभी राहिली, इंजिन आयडलिंगला आले, की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळे २१ अँपिअर बॅटरी पुरवते. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अशाने तासाभरात निम्मी होते. रांगेत थांबताना फॉग लाइट बंद करायची सवय त्यामुळे लावून घ्यावी. धुक्यात उभ्या गाडीला पुढचे पाहायचे नसते, मागच्याला दिसायचे असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, डायनामो काढून अल्टरनेटर बसवा, प्रश्नच मिटेल. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. अल्टरनेटर आयडलिंगलाही बरीच वीज देतो. पण दोन दिव्यांसाठी गाडीचे एक मूळ यंत्र बदलणे मला अवाजवी वाटते, जेव्हा बल्ब बदलून तेच साधते. रोजच्या वापरातल्या पद्मिनी मोटारीची गोष्ट निराळी, तिच्यात खुशाल बदलावे. दुसरा आक्षेप एलईडीचा, आणि तो जास्त वजनदार आहे. एलईडीला वीज एवढी कमी लागते की वरचा सगळा हिशेब सोपा होतो. मात्र जुन्या दिव्याच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचला तर फसगत होते. तो रिफ्लेक्टर एका ठरावीक जागी असलेल्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीचे चिप वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराचे. झोताची कड विस्कटते, प्रकाश वर जातो आणि फॉग लाइटचा सगळा गुण त्या कडेतच तर आहे. शिवाय बाजारातले बहुतेक एलईडी निळसर पांढरे असतात, आणि जुन्या कंट्रोल बॉक्समधल्या रेग्युलेटरच्या कंपणाऱ्या संपर्कांमुळे होणारे विजेचे चढउतार त्यांना सोसत नाहीत. एलईडीसाठीच घडवलेला, स्वच्छ कडेचा, पिवळ्या उजेडाचा पूर्ण दिवा कोणी घेतला तर त्याला माझा विरोध नाही. जुन्या काचेच्या आत नवा बल्ब, याला आहे.

जोडणीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे तारेत वाया जाणारे व्होल्ट. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२ व्होल्टऐवजी ११ मिळाले तर वीज थोडीच कमी झाली असे वाटते, पण उजेड जवळपास पाव गमावतो. जुन्या गाडीत एक व्होल्ट सहज गळतो: पन्नास वर्षांच्या स्विचचे झिजलेले संपर्क, हिरवे पडलेले जोड, आणि गंजलेल्या पत्र्यातून घेतलेले अर्थिंग. अशा गाडीत फॉग लाइटच्या आधी हेडलाइटचे अर्थिंग साफ केले, जोड घासून घट्ट केले, तर फुकटात पाव उजेड परत मिळतो. मेकॅनिककडे गाडी नेली की हे काम पहिल्यांदा सांगावे.

म्हणून फॉग लाइटची वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरवू नये. तिच्यासाठी रिले लावावा. नेहमीच्या चार पायांच्या रिलेत ३० क्रमांकाच्या पायाला फ्यूजमधून आलेली जाड तार, ८७ मधून दिव्यांकडे, ८६ ला स्विचची बारीक तार आणि ८५ ला अर्थ. स्विचमधून मग अँपिअरचा जेमतेम पाचवा भाग जातो आणि जुना स्विच तापत नाही. मुख्य तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. ५.८ अँपिअरला चार मीटर तार एक चौरस मिलिमीटरची वापरली तर सुमारे ०.४ व्होल्ट तारेतच संपतात. अडीचची वापरली तर ०.१६. फ्यूज १० अँपिअरचा, आणि तार जिथून वीज घेते त्या जागेच्या तो शक्य तितक्या जवळ. जुन्या ब्रिटिश गाडीतला काचेचा फ्यूज वापरायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यावर ३५ अँपिअर लिहिलेले असते ते वितळण्याच्या मर्यादेचे, सतत तो १७ च पेलतो. दिव्याचे अर्थिंग बंपरला न देता वेगळ्या तारेने थेट चासीला न्यावे, तिथला रंग खरवडून लग घट्ट बसवावा आणि वरून ग्रीस लावावे. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तार जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा वाकवल्या की आतले रबर भुग्यासारखे गळते. त्यांना हात न लावता शेजारून नवी स्वतंत्र तार नेणे शहाणपणाचे.

दोन गोष्टी ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत खास तपासाव्या लागतात. त्यांतल्या अनेकांची बॅटरी उलटी जोडलेली असते, धन टोक चासीला. साध्या बल्बला आणि साध्या रिलेला याने काही फरक पडत नाही, पण आत डायोड असलेला रिले आणि एलईडी यांना पडतो. चुकीचे जोडले तर ते जळतात. दुसरी गोष्ट अँमीटरची. दिव्यांची तार थेट बॅटरीच्या टोकावरून घेतली, तर डायनामोची वीज अँमीटरमधून बॅटरीकडे आणि तिथून दिव्यांकडे जाते. काटा चार्जिंग दाखवतो, चालक निश्चिंत होतो, आणि ते चार्जिंग नसून दिव्यांची खपत असते. तार अँमीटरच्या डायनामोकडच्या बाजूने, कंट्रोल बॉक्सवरून घेतली की काटा बॅटरीत काय जाते-येते तेवढेच खरे सांगतो. सोय म्हणून बॅटरीवर दोन नट चढवण्याचा मोह या एका कारणासाठी टाळावा.

मूळपणाचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ज्या रूपात आली त्या रूपात जपावी, असे वाटणाऱ्यांशी माझे भांडण नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पण फॉग लाइट त्या काळाला परके नव्हते. लुकास, मार्शल, सिबिए यांचे जादा दिवे त्या काळी मालक स्वतः विकत घेऊन बंपरवर चढवत असत. प्रश्न राहतो तो भोकांचा. मूळ पत्र्याला एकही भोक पाडू नये. बंपरच्या आहे त्याच बोल्टवर बसणारी पट्टी घडवावी, तारा आहे त्या क्लिपांतून न्याव्यात, स्विच डॅशबोर्डखाली पट्टीवर लटकवावा. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेच्या, फिवाच्या, ट्युरिन सनदेतही असे बदल उलटवता येण्याजोगे असावेत यावर भर आहे. अर्ध्या तासात सगळे उतरवून गाडी पूर्ववत करता आली पाहिजे.

मग व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज रस्त्यावर आणायला परवानगीच नाही, तिला हे कशाला? कारण ती येते तेव्हा नेमकी रॅलीला, थंडीच्या पहाटे येते, आणि तिचे स्वतःचे दिवे आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा मंद असतात. त्यातही पुढच्या दिव्यांआधी मागच्याचा विचार करावा असे मला ठामपणे वाटते. जुन्या टेल लाइटमधला ५ वॅटचा बल्ब धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला फारच उशिरा दिसतो, आणि घाटात सावकाश चढणाऱ्या गाडीला खरा धोका पाठीमागूनच असतो. मागे उजव्या बाजूला, ब्रेकच्या दिव्यापासून निदान १० सेंटिमीटर दूर, २१ वॅटचा एक लाल फॉग लाइट लावला तर पावणेदोन अँपिअरच लागतात. तेव्हा भार २१ वरून पावणेतेवीसवर जातो, पण पावसाळी धुक्यातच. कोरड्या थंडीत वायपर बंद असल्याने तो सव्वावीसवर राहतो. हा दिवा ब्रेकच्या दिव्याइतकाच तेजस्वी असल्याने धुके विरळ झाल्यावर तो चालू राहिला तर मागच्याला ब्रेक लागल्याचे कळत नाही. त्यासाठी दोन्ही फॉग लाइटच्या स्विचशेजारी एक बारीक सूचक दिवा हवा, आणि रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पायाकडे जाणारी तार पार्किंग लाइटच्या तारेवरून घ्यावी. पार्किंग लाइट विझले की फॉग लाइटही विझतात, आणि गाडी बंद करून निघालेल्या मालकाच्या माघारी बॅटरी उतरत नाही.